लेसच्या पुस्तकातली जास्तीची भोकं

लेसचे नमुने ज्यांनी सगळ्यात आधी छापले त्या पुरुषांबद्दल माझं मत फार वाईट आहे. त्यांना जाऊन चारशेहून जास्त वर्षं झाली, पण एखाद्यावर राग धरायला तो माणूस जिवंतच असावा असं काही नाही. व्हेनिसमध्ये आणि जर्मनीत बसून या लोकांनी पातळ पातळ पुस्तकं काढली. आत मजकूर जवळपास नाहीच. काळ्या चौकटीत पांढऱ्या रेघांची नक्षी, पानामागून पान. सुरुवातीला मात्र थोर घराण्यातल्या सुशील स्त्रियांच्या नावाने लांबलचक आरती ओवाळलेली, आणि छापणाऱ्याचं नाव ठळक. नक्षी मुळात कोणत्या बाईच्या हातची, याचा पत्ता नाही. पुढचा छापणारा पहिल्याचं पुस्तक समोर ठेवून सगळं उचलायचा. लाकडी ठोकळ्यावर जसंच्या तसं कोरल्यामुळे छापताना चित्र उलटं यायचं, डावीकडे बघणारा मोर उजवीकडे बघायला लागायचा, आणि यालाच हा गृहस्थ नवा नमुना म्हणायचा. मराठीत नमुना या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे, तो या मंडळींना अगदी चपखल बसतो.

हे सगळं मला माहीत आहे ते विनिपेगमधल्या माझ्या नोकरीमुळे. इथल्या जुन्या गोदामांच्या भागात हातकामाचं एक छोटं संग्रहालय आहे. नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकून, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्यावर माझ्या वाट्याला हेच आलं. आठवड्यातले तीन दिवस जायचं आणि वस्तूंच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या. तिथे येणारे लोक दोन प्रकारचे. एक, ज्यांना वॉशरूम हवी असते. दुसरे, जे प्रत्येक काचेपुढे थांबून ‘या बायकांना एवढा वेळ कसा मिळायचा’ असं इंग्रजीत म्हणतात आणि पुढे सरकतात. मला पहिले जास्त आवडतात.

आमच्याकडे अशाच एका लेसच्या पुस्तकाची प्रत आहे. पहिलं पान गेलंय, त्यामुळे छापणाऱ्याचं नावही गेलंय, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. ही पुस्तकं जगात फारशी उरली नाहीत, कारण बायकांनी ती खरोखर वापरली. पान सुटं करायचं, नक्षीच्या रेघेवरून टाचणीने भोकं पाडायची, ते दुसऱ्या कागदावर ठेवायचं आणि वरून कोळशाची पूड चोळायची, की नक्षी खाली उतरते. चार वेळा असं केलं की पानाची चाळणी. संग्रहालयाच्या भाषेत याला डॅमेज म्हणतात. आमच्या प्रतीत एका पानावर रेघांवरची भोकं होतीच, शिवाय रेघ नाही अशा काळ्या भागातही काही भोकं होती. त्यांची नोंद मीच टाइप केली होती: ‘इतस्ततः छिद्रे, कारण अज्ञात.’ क्युरेटरने सांगितलं आणि मी केलं.

हा आमचा क्युरेटर म्हणजे उंच, मऊ आवाजाचा, बाराही महिने गळ्यात स्कार्फ गुंडाळणारा माणूस. लेसवर डॉक्टरेट आहे त्याची. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट टाकून नवा घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बेसमेंटमध्ये दर बुधवारी जमणाऱ्या लेसवाल्या बायका म्हणजे आणखी एक प्रकरण. कात्रीलासुद्धा स्वतंत्र मखमली पाकीट, सुया कोणत्या देशातून मागवल्या यावर अर्धा तास चर्चा, आणि तासाभरात बोटभर काम. त्या पानावरचं मोठं आठ पाकळ्यांचं फूल करून बघायचा त्यांनी दोन हिवाळे प्रयत्न केला होता. दर वेळी फूल मधोमध लोंबकळायचं. लेसला खाली कापड नसतं, एका दोऱ्याने दुसऱ्याला धरलं तरच ती उभी राहते. पण ते फूल काही केल्या धरलं जाईना. शेवटी क्युरेटरने जाहीर केलं की यात एखादी लॉस्ट टेक्निक असावी, काळाच्या ओघात हरवलेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला येत नाही असं म्हणण्यापेक्षा जगातूनच ते हरवलं म्हणणं सोयीचं.

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून इथे आणलं. ऑक्टोबरात आली. पहिले पंधरा दिवस बर्फाचं कौतुक झालं, मग ती खिडकीत बसून जावई ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतोय ते बघत बसायची आणि म्हणायची, “अगं, परत पडून राहिलं की. कशाला काढून राहिला तो?” तिला घरात कोंडून ठेवणं मला बघवेना, म्हणून एका बुधवारी बरोबर घेऊन गेले. सलवार-कमीज, त्यावर माझा जुना पार्का, पायात माझेच बूट.

आईबद्दल एक सांगायला हवं. तिने आमच्या घराजवळच्या शिंप्यासाठी वीस-बावीस वर्षं काजं केली. दुपारी सगळं आवरलं की शर्टांचा गठ्ठा घेऊन बसायची. उरलेल्या वेळात क्रोशा, टॅटिंग, भरतकाम. बाबा सरकारी खात्यात होते. ते या सगळ्याला ‘दोरे ओढणं’ म्हणायचे. “झालं का तुझं दोरे ओढून?” असं विचारल्याशिवाय चहा मागायचे नाहीत. मात्र साहेब घरी येणार असला की तिचाच क्रोशाचा टेबलक्लॉथ कपाटातून निघायचा आणि बाबा तो स्वतः नीट पसरायचे, जसा काही त्यांनीच विणला. बाबांवर माझं प्रेम होतं. त्यांच्या या गोष्टीची मला तेव्हाही किळस यायची.

तर त्या बुधवारी क्युरेटर ते पुस्तक बेसमेंटमध्ये घेऊन आला होता. आईने हात धुतले, कोरडे केले, चष्मा चढवला आणि पानाकडे बघितलं. फार वेळ नाही. डाळ निवडताना बघावं तेवढाच.

“हे फूल कशाला धरून आहे?” ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं. क्युरेटर हसला आणि मऊ आवाजात म्हणाला, “दॅट्स एक्झॅक्टली द मिस्टरी.” लॉस्ट टेक्निकबद्दल त्याने चार वाक्यं ऐकवली, ती मी आईला मराठीत ऐकवली.

“हरवलंबिरवलं काही नाही,” आई म्हणाली. “दांड्याच नाहीत. फूल न् जाळी जोडायला मध्ये दांड्या लागतात दोऱ्याच्या. ज्याने चितारलं त्याने घातल्याच नाहीत. सुई कधी धरली नसेल मेल्याने.”

मेल्याने हा शब्द मी गाळला. बाकीचं सांगितलं. एक बाई म्हणाली की हे पुस्तक शेकडो वर्षांपूर्वीचं आहे, त्यात चूक कशी असेल. जुन्या लोकांच्या हातून चुका होत नसत, असा त्या बाईचा समज असावा.

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. “जरा उजेडावर धरायला सांग,” ती म्हणाली. आमच्याकडे दुधी काचेची, आतून दिवा असलेली पेटी आहे. क्युरेटरने ते शिवणीतून सुटलेलं पान त्यावर अलगद ठेवलं. खालून उजेड आला आणि भोकं चमकायला लागली. फुलाच्या कडेने, पाकळीच्या शिरेवरून, जाळीच्या चौकटीवरून. आणि चार ठिकाणी, फूल आणि जाळी यांच्या मधल्या कोऱ्या काळ्या भागात, एकेक सरळ ओळ.

“हा खाका आहे,” आई म्हणाली. “आम्ही टोचायचो तसाच. वरून नीळ आणि रॉकेलचा बोळा फिरवायचा. आणि हे बघ, ह्या चार दांड्या हिने मनाने टोचल्यात. पुस्तक चुकलं होतं, हिने नीट केलं.”

हिने. जणू शेजारच्या गल्लीतली कोणी. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. ‘इतस्ततः छिद्रे, कारण अज्ञात.’ ते माझ्याच बोटांनी टाइप झालेलं होतं. मीही लहानपणी आईचे खाके टोचून दिले होते, शेकड्यांनी, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं, कारण समोर युरोपातलं पुस्तक होतं आणि शेजारी डॉक्टरेट उभी होती. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे तीन बुधवार आईने ते फूल करून दाखवलं. टाका बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, “ही तर काजं आहेत नुसती. कापड नसलेली काजं.” तिचा हात इतका झरझर चालायचा की मखमली पाकिटवाल्या बायका आपापलं काम मांडीवर ठेवून बघत बसायच्या. चार दांड्या पडल्या आणि फूल जाळीत घट्ट बसलं. एकीने टाळ्या वाजवल्या. आईला त्या टाळ्या विचित्र वाटल्या. काज झालं म्हणून तिच्यासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

क्युरेटर मात्र अंगात आल्यासारखा कामाला लागला. चुका सुधारणाऱ्या अनामिक बाईवर प्रदर्शन करायचं त्याने ठरवलं. मधोमध पुस्तकाचं ते पान, शेजारी आईने केलेलं फूल, आणि सोबत एक छापील पुस्तिका. ‘माय डिस्कव्हरी’ हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडून फोनवर एकदा माझ्या कानावर पडला. मी दारात उभी आहे हे दिसल्यावर त्याचं ‘अवर’ झालं. पण एक कबूल करायला हवं, आईचं नाव पुस्तिकेत छापायचं हे त्याने स्वतःहून सांगितलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं.

“छापतील? पुस्तकात?”

“हो.”

“माझं नाव?”

“मग कोणाचं?”

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “माझं नाव छापून आलं ते एकदाच. लग्नाच्या पत्रिकेत. आणि मग मांडवात तांदळात नवीन नाव लिहिलं, की ते गेलं.” आपल्याकडे हे असं असायचंच. पत्रिकेत एका नावाची मुलगी आणि घरात आली ती दुसऱ्याच नावाची बाई. हे दुसरं नाव पन्नास वर्षं वापरून वापरून तिचं झालं होतं, पण ते कुठे छापलेलं नव्हतं. घराच्या पाटीवर बाबा, रेशनकार्डावर आधी बाबा, बाबांच्या निधनाच्या बातमीत ‘पत्नी’. त्या दिवसापासून तिने रोज विचारायला सुरुवात केली, छापून आलं का. मार्चमध्ये तिचं परतीचं तिकीट होतं. दोन प्रती न्यायच्या, एक स्वतःला आणि एक त्या शिंप्याला, असं तिने ठरवूनही टाकलं. आयुष्यात तिने कोणाकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे तिला हवं होतं.

संमतीचा फॉर्म आला तो तिने मला भरू दिला नाही. “माझा मी भरते, मॅट्रिक आहे मी,” म्हणाली. डायनिंग टेबलावर बसून, एकेक कॅपिटल अक्षर कोरल्यासारखं काढून तिने नावाची ओळ भरली आणि खाली मराठीत सही केली. तो कागद मी न बघता पाकिटात घातला, कारण मी त्या वेळी नवऱ्याला क्युरेटरची नक्कल करून दाखवत होते. नक्कल मी चांगली करते. स्कार्फ सावरण्यासकट.

फेब्रुवारीत पुस्तिकेचं प्रूफ माझ्याकडे तपासायला आलं. आभाराचं पान शेवटी. संग्रहालयाच्या वेबसाइटवर माझ्या आडनावातला एक एच हे लोक चार वर्षं खात आलेत, तीनदा लिहूनही सुधारत नाहीत, त्यामुळे मी आधी तिथेच गेले. एच होता. स्पेलिंग एकेक अक्षर करून बघितलं, हुद्दा बघितला, खाली ओके लिहून पाठवून दिलं. या देशात चारदा ओरडल्याशिवाय काही नीट होत नाही, असं त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना ऐकवलं.

उद्घाटन शनिवारी दुपारी होतं. उणे चोवीस. आईने ठेवणीतली जांभळी पैठणी नेसली, त्यावर पार्का, आणि आत गेल्यावर पार्का काढायची तिला इतकी घाई की चेन अडकली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पाचसहा बायका आल्या होत्या. आजवर एकीनेही हे संग्रहालय पाहिलं नव्हतं, पण फोटोला सगळ्या पुढे. “काकू, यू आर सो टॅलेंटेड,” एक म्हणाली आणि पुस्तकाच्या काचेला पाठ करून सेल्फी काढला. क्युरेटरने भाषण केलं. छापणाऱ्या पुरुषांनी नावं लावली आणि काम करणाऱ्या बायका अनामिक राहिल्या, यावर तो फार सुंदर बोलला. बोलताना त्याने स्कार्फ दोनदा सावरला. मला हसू आवरेना.

भाषण झाल्यावर आईने टेबलावरची पुस्तिका उचलली आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली. मी शेजारी. तिला इंग्रजी सावकाश वाचता येतं. शेवटचं पान काढून ती एकेका ओळीवरून बोट नेऊ लागली. बोट थांबलं. मग परत मागे गेलं.

“ह्यांचं नाव कसं काय आलं इथे?” तिने विचारलं.

मी वाकून बघितलं. मिसेस, आणि पुढे माझ्या वडिलांचं नाव. आडनाव नाही, वडिलांचं पाळण्यातलं नाव. वरच्या ओळीत पूर्ण लिहिलं होतं: आधी आमचं आडनाव, मग एक अक्षर आणि टिंब, मग वडिलांचं नाव. आईने शाळेत शिकवल्यासारखा फॉर्म भरला होता. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, शेवटी नवऱ्याचं. इथे पहिलं ते नाव आणि शेवटचं ते आडनाव. मधल्याला कोणी विचारत नाही, त्याचं एक अक्षर करतात.

माझं डोकं फिरलं. या माणसाने डॉक्टरेट कशात केली, याला एक फोन करता येत नव्हता का, असं काहीबाही मी मराठीत बोलायला लागले, आवाज चढला, मंडळातल्या बायका वळून बघायला लागल्या. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

“आणि मी कुठली?”

मी त्या एका अक्षरावर बोट ठेवलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि वाकून बघितलं.

“हे एवढंच?”

मी मान हलवली.

“म्हणजे काजं मी केली आणि नाव त्यांचं,” ती म्हणाली. ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही. पुस्तिका मिटून तिने मांडीवर ठेवली, वरचं चित्र बघितलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडे वळली.

“छापायच्या आधी तुझ्याकडे आलं होतं ना ग हे? तू म्हणत होतीस जेवताना.”

“आलं होतं.”

“तुझं बरोबर आलंय?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच काळजी होती.

“हो,” मी म्हणाले. “माझं बरोबर आलंय.”